ठिपका आणि पूल : मुंबईच्या रेल्वे नकाशाची चिकित्सा

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं रेल्वेच्या रुळांशी काय काम? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की 'संबंध' हा आमच्या शास्त्राचा फार जुना विषय आहे. दोन वस्तू जोडलेल्या आहेत असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो, यावर आपल्याकडे नैयायिकांनी आणि वैशेषिकांनी शेकडो वर्षं वाद घातला. मुंबईच्या लोकलचा नकाशा म्हणजे याच प्रश्नावर केलेलं एक विधान आहे. ते विधान मला सदोष वाटतं. तेव्हा आज त्या नकाशाची समीक्षा करायची आहे. एखादा ग्रंथ वाचतो तसा तो वाचायचा, काय सांगतो ते बघायचं आणि काय गाळतो तेही बघायचं.

नकाशा तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. चर्चगेटहून वर जाणारी पश्चिमेची रेघ. बोरीबंदरहून निघून कल्याणला कसारा आणि कर्जत अशी दुभंगणारी मध्यची रेघ. हार्बरची तिसरी. आणि या रेघांवर ठिपके. पश्चिम आणि मध्य या दोन रेघा दादरला एका ठिपक्यात भेटतात. नकाशा म्हणतो, इथे जोडणी आहे.

आता दादरला प्रत्यक्ष काय आहे? दोन स्टेशनं आहेत, शेजारी शेजारी. एक पश्चिम रेल्वेचं, एक मध्य रेल्वेचं. ठाण्याची लोकल इथे सांधा बदलून अंधेरीकडे जात नाही. प्रवासी उतरतो, जिना चढतो, पूल ओलांडतो, जिना उतरतो आणि दुसऱ्या गाडीत चढतो. जोडणी आहे ती त्याच्या पायांनी केलेली आहे. डिसेंबर २०२३पर्यंत तर दोन्ही दादरना आपापला एक नंबरचा प्लॅटफॉर्म होता. मग मध्य रेल्वेने आपल्या प्लॅटफॉर्मांना ८ ते १४ असे नवे क्रमांक दिले, पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले. नुसते आकडे बदलायला इतकी वर्षं लागली. हे मी थट्टा म्हणून सांगत नाही. नकाशात जे कधीच एक झालेलं होतं ते जागेवर एक व्हायला किती वेळ लागतो, ते यावरून कळतं.

या जातीच्या नकाशाचा मूळ पुरुष लंडनचा. हॅरी बेक नावाच्या आरेखकाने १९३१ साली तिथल्या भुयारी रेल्वेचा नकाशा काढला, १९३३ साली तो छापून लोकांच्या हातात आला. त्याने खरी अंतरं आणि खरी वळणं सोडून दिली. रेघा सरळ केल्या, आडव्या, उभ्या किंवा तिरक्या, विजेच्या मंडलाचं चित्र काढावं तशा. मला हे काम थोर वाटतं, आधीच सांगून ठेवतो. प्रवाशाचा प्रश्न एवढाच असतो की कुठे चढू, कुठे बदलू, कुठे उतरू. त्या प्रश्नाचं याहून नेटकं उत्तर नाही. पण उत्तर एका प्रश्नाचं असतं, आणि तेच दुसऱ्या प्रश्नाला लावलं की घोटाळा होतो. हा नकाशा प्रवाशाच्या हातात सोय आहे. नियोजन करणाऱ्याच्या डोक्यात तोच नकाशा बसला की ती भूल होते. कारण त्याला वाटायला लागतं, ठिपका काढला की जोडणी झाली.

म्हणून या नकाशाच्या खाली दुसरा एक नकाशा वाचायला शिकलं पाहिजे, रुळांचा. कुठला रूळ कुठल्या रुळाला मिळतो, सांधा कुठे आहे, कुठे होता, का काढला. रेल्वेत रूळ बदलायच्या जागेला 'सांधा' म्हणतात आणि तो बदलणाऱ्याला सांधेवाला. शब्द किती बरोबर आहे बघा. हाडांचा असतो तोच सांधा. मुंबईच्या रुळांचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी सांधे निखळत गेल्याचा इतिहास आहे.

पहिलं उदाहरण कुलाब्याचं. बी.बी.सी.आय. रेल्वे, म्हणजे आजची पश्चिम रेल्वे, पूर्वी चर्चगेटला संपत नव्हती. ती पुढे कुलाब्यापर्यंत जात होती. आज जिथे रेल्वे अधिकाऱ्यांची बधवार पार्क वसाहत आहे, तिथे कुलाबा टर्मिनस होतं. उपनगरी गाड्या आणि लांबच्या मेलगाड्या, दोन्ही त्याच वाटेने तिथवर जायच्या. डिसेंबर १९३०मध्ये बॉम्बे सेंट्रल सुरू झालं आणि वर्षअखेरीस कुलाबा बंद पडलं. त्या दिवसापासून पश्चिमेवर एक वाटणी झाली. लांबची गाडी बॉम्बे सेंट्रलला थांबणार, त्याच्या दक्षिणेला फक्त लोकल. शेजारचं बेलासिस रोड नावाचं लोकल स्टेशनही पुढे बॉम्बे सेंट्रल याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. नाव एक झालं, पण गुजरातहून आलेल्या माणसाला चर्चगेटला जायचं तर सामान उचलून या स्टेशनातून त्या स्टेशनात चालत जाणं आलं.

दुसरं उदाहरण बॅलार्ड पिअरचं. विलायतेच्या बोटी जिथे लागायच्या तिथेच, धक्क्याला लागून, रेल्वेचं स्टेशन होतं. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल ही बी.बी.सी.आय.ची गाडी, पण बोटीच्या हंगामात ती इथून सुटायची, म्हणजे गोदीच्या रुळांवरून. साहेब बोटीतून उतरला की समोर पेशावरची गाडी. त्या जोडणीत प्रवाशाला पाच-पन्नास पावलांपेक्षा जास्त चालावं लागू नये अशी काळजी घेतलेली होती. कोणासाठी घेतली होती ते उघड आहे. पण घेता येते, एवढं तरी त्यावरून सिद्ध होतं.

तिसरं उदाहरण फारसं कोणाला माहीत नसतं. १९२८ साली जी.आय.पी. रेल्वेने तुर्भ्याहून, म्हणजे ट्रॉम्बेहून, कुर्ल्यावरून अंधेरीपर्यंत एक मार्ग सुरू केला होता. तेरा-एक किलोमीटरचा, पूर्व-पश्चिम. मुंबईत सगळे रूळ दक्षिणोत्तर, हाच काय तो आडवा. १९३४ साली तो बंद झाला. त्या पट्ट्यात पुढे सांताक्रूझचा विमानतळ पसरला. त्यानंतर अंधेरीहून पूर्वेला रुळावरून जायची सोय झाली ती जून २०१४मध्ये, वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो आली तेव्हा. मधली ऐंशी वर्षं कुर्ल्याच्या माणसाने अंधेरीला कसं जायचं? दादरला जायचं आणि पूल चढायचा, नाहीतर रस्त्याने बस पकडायची.

इथे एक मोह होतो. रेल्वेवर प्रेम करणारी मंडळी, आणि त्यांच्यात मीही आलो, अशा गोष्टी ऐकून हळहळतात. म्हणतात, जुने लोक शहाणे होते, नंतरच्यांनी सगळं तोडून टाकलं. हे मला मान्य नाही. सांधे निखळले त्याला कारणं होती आणि ती भक्कम होती.

हिशेब करून बघा. चोवीस डब्यांची लांब पल्ल्याची गाडी अर्ध्या किलोमीटरपेक्षा मोठी असते. ती सांध्यावरून ताशी १५ किलोमीटरने गेली, तर शेवटचा डबा पार व्हायलाच दोन मिनिटांच्या वर लागतात. त्यात सांधा बदलायचा, कुलूपबंद करायचा, सिग्नल द्यायचा हा वेळ वेगळा. आणि ती समोरासमोरच्या रुळांना छेदून जात असेल, तर तेवढा वेळ दोन्ही दिशांची वाहतूक थांबते. ज्या मार्गावर तीन-चार मिनिटांनी लोकल आहे, तिथे अशी एक गाडी गेली की मागच्या किती गाड्या रखडतात ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणजे प्रत्येक सांधा ही एकाची सोय असते आणि दुसऱ्याची अडचण. म्हणूनच आजही धोरण वेगळं काढण्याचंच आहे. ठाणे ते दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२मध्ये पूर्ण झाली ती याचसाठी, लांबच्या गाड्या आणि लोकल एकमेकींच्या पायात येऊ नयेत म्हणून. बोरीबंदरला तर एकाच छपराखाली वाटणी आहे. १ ते ७ लोकलचे प्लॅटफॉर्म, ८पासून पुढे बाहेरगावचे.

तेव्हा रूळ वेगळे करणं चूक होतं असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं निराळं आहे. रूळ तोडला म्हणून जोडणीची गरज संपत नाही. माणसाला इकडून तिकडे जायचंच असतं. मग गाडी जे काम करत होती ते काम प्रवाशाचे पाय करतात. वेळापत्रक सुधारतं, गाड्या वाढतात, आणि त्याचा बोजा जिन्यावर आणि पुलावर जातो. हा बोजा कुठल्याच खात्यावर मांडला जात नाही. नकाशात तर तो दिसतच नाही, तिथे ठिपकाच असतो.

आता थोडं शास्त्र. वैशेषिकांनी संयोगाचे प्रकार सांगितले आहेत. दोन मल्ल एकमेकांवर धावून भिडतात, तिथे दोघांच्या हालचालीने संयोग होतो. ससाणा उडत येऊन खुंटावर बसतो, तिथे एकच हलतो आणि खुंट जागच्या जागी असतो. जुनी रेल्वेची जोडणी मल्लांसारखी होती. दोन्ही बाजूंच्या कंपन्यांना वेळ जुळवावी लागे, सांधा राखावा लागे, सिग्नल एकमेकांना कळवावा लागे. आजची आपली जोडणी ससाण्याची आहे. दोन्ही रेल्वे खुंटासारख्या आपापल्या जागी, आणि हलतो तो प्रवासी.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. नैयायिक म्हणतात, संयोग हा वस्तूला सगळीकडून व्यापत नाही. तो 'अव्याप्यवृत्ती' असतो. त्यांचं ठरलेलं उदाहरण माकडाचं आहे. माकड झाडावर बसलं आहे. झाडाचा आणि माकडाचा संयोग आहे का? फांदीच्या ठिकाणी आहे, बुंध्याच्या ठिकाणी नाही. एकाच झाडात संयोग आहे आणि संयोगाचा अभावही आहे. म्हणून नुसतं 'झाडाला माकडाचा संयोग आहे' हे वाक्य अपुरं. कुठल्या भागाने, हे सांगावं लागतं. याला ते 'अवच्छेद' म्हणतात. विद्यार्थी या चर्चेला कंटाळतात, काय केस चिरत बसलाय म्हणतात. पण आपल्या नकाशावर माझा आक्षेप नेमका हाच आहे. 'दोन रेल्वे दादरला जोडलेल्या आहेत' हे विधान अवच्छेद सांगत नाही. कुठल्या पुलाने? किती रुंद? किती पायऱ्या? सकाळी नऊ वाजता की दुपारी तीन वाजता?

अवच्छेद न सांगितल्याने काय होतं, ते आपण एकदा पाहिलं आहे. मध्य रेल्वेचं परळ आणि पश्चिमेचं एल्फिन्स्टन रोड, आता प्रभादेवी, ही दोन स्टेशनं एकमेकांच्या कुशीत आहेत. आजूबाजूच्या गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे आले. उतरणाऱ्यांची गर्दी वाढत गेली आणि दोन स्टेशनांमधला जिना होता तेवढाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदला दिवस. सकाळची वेळ, पाऊस आला, लोक पुलावर आडोशाला थांबले, खालून गाड्या आणखी माणसं आणून सोडत होत्या. चेंगराचेंगरीत २३ जण गेले.

त्यावर बोलताना आवाज चढवणं सोपं आहे. मला त्यातून एक साधी गोष्ट दाखवायची आहे. त्या सकाळी दोन्हीकडच्या गाड्या आपापल्या रुळांवर नीट चालल्या होत्या. मोडलं ते रुळांच्या मधलं. पुढे लष्कराच्या अभियंत्यांनी नवा पूल बांधला आणि फेब्रुवारी २०१८मध्ये तो खुला झाला. म्हणजे पाच महिन्यांत पूल होऊ शकतो. तो अगोदर झाला नाही, कारण तिथे काही कमी आहे हे कुठल्याच नकाशावर उमटत नव्हतं. ठिपका तर होताच!

यावर कोणी म्हणेल, दोष नकाशाचा नाही, मालकीचा आहे. दोन रेल्वे, दोन कारभार. यात तथ्य आहे, पण अर्धं. जी.आय.पी. १९२५ साली सरकारकडे आली, बी.बी.सी.आय. १९४२ साली. ५ नोव्हेंबर १९५१ या एकाच दिवशी मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे जन्माला आल्या, दोन्ही एकाच मालकाच्या. तिकीटही एक आहे. ठाण्याहून अंधेरीचं तिकीट दादरमार्गे एकच मिळतं. मालक एक, तिकीट एक, नकाशा एक. तरी पूल अरुंदच. म्हणजे कागदावरचं ऐक्य पुलापर्यंत आपोआप पोचत नाही. कोणीतरी ते तिथवर न्यावं लागतं.

आणि जिथे नेलं तिथे ते चालतंही. हार्बर घ्या. वडाळ्याहून एक फाटा किंग्ज सर्कलवरून माहीमला जातो आणि मध्य रेल्वेच्या गाड्या पश्चिमेच्या हद्दीत वांद्रे, अंधेरी, आणि २०१८पासून गोरेगावपर्यंत धावतात. प्रवाशाला हद्द कळतही नाही. एवढी वर्षं हा सांधा टिकला, कारण दोन्ही बाजू रोज तो राखतात. पण त्याच फाट्याचा दोषही बघा. सायन-माटुंग्याच्या दरम्यान तो मध्य रेल्वेचे मुख्य रूळ ओलांडतो आणि तिथे दोघांचं एकत्र स्टेशन नाही. नकाशात दोन रेघा एकमेकींना छेदतात, माणसाला मात्र इकडून तिकडे जाता येत नाही. म्हणजे कुठे ठिपका आहे आणि सांधा नाही, कुठे रेघा भेटतात आणि ठिपकाही नाही.

आता नव्या मेट्रोकडे येऊ. ऑक्टोबर २०२५मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पोचली. जुनं कुलाबा टर्मिनस होतं तिथून ती जागा जवळच. जवळजवळ ९५ वर्षांनी त्या टोकाला पुन्हा रूळ आले, याचा मला आनंद आहे. पण तिचे रूळ १४३५ मिलिमीटर रुंदीचे, आपल्या लोकलचे १६७६. फरक सुमारे वीतभर. लोकल कधी त्या भुयारात जाणार नाही, मेट्रो कधी विरारला जाणार नाही. म्हणजे प्रत्येक भेटीच्या जागी पुन्हा पायच. मेट्रोचे जितके ठिपके नकाशावर वाढतील, तितके जिने, भुयारी वाटा आणि पूल वाढतील. तेव्हा आजपासून ते रुळांइतक्याच गांभीर्याने मोजायला हवेत.

म्हणून माझी सूचना लहानशी आहे. नकाशावर जिथे गाडी बदलायचा ठिपका आहे, तिथे शेजारी तीन आकडे छापा. पायऱ्या किती, गर्दीच्या वेळी चालायला मिनिटं किती, आणि वाटेतला सगळ्यात अरुंद भाग किती फुटांचा. गुडघे दुखणाऱ्या माझ्यासारख्याला पहिल्या आकड्याचा उपयोग, नोकरदाराला दुसऱ्याचा. तिसरा आकडा अधिकाऱ्यांसाठी. तो रोज लाखो लोकांच्या डोळ्यांसमोर छापलेला असला, की त्याच्याकडे दुर्लक्ष करणं अवघड जाईल.

इथे थांबतो. वेळ आहे, एखादा प्रश्न घेऊ.

श्रोता : सर, मग मेट्रो ब्रॉडगेजवरच बांधायला हवी होती का?

उत्तर : हा प्रश्न येणार हे माहीत होतं. दिल्लीत पहिल्या मार्गिका ब्रॉडगेजवरच आहेत, १६७६ मिलिमीटर. तरी तिथे रेल्वेची गाडी मेट्रोत शिरत नाही. आमच्या भाषेत बोलायचं तर रुंदी सारखी असणं ही नुसती योग्यता झाली. योग्यता म्हणजे संबंध नव्हे. लाकडात जळायची योग्यता असते म्हणून ते आपोआप पेटत नाही. लंडनचं उदाहरण याच्या उलट आहे. तिथे शहराच्या उत्तरेचे आणि दक्षिणेचे रूळ जोडणारा स्नो हिल नावाचा बोगदा १८६६पासून होता. १९१६ साली त्यातल्या प्रवासी गाड्या बंद झाल्या, पुढे मालगाड्याही थांबल्या. पण बोगदा कोणी बुजवला नाही. १९८८ साली त्याच बोगद्यातून थेट गाड्या पुन्हा सुरू झाल्या. आपण कुलाब्याची वाट इमारतींना देऊन टाकली, अंधेरीच्या आडव्या मार्गाचीही तीच गत. म्हणून रुंदीपेक्षा मी जागेचा आग्रह धरीन. रूळ उखडले तरी चालतील, पण वाट मोकळी ठेवा. आणि तोवर, तो दादरचा पूल रुंद करा.